सोफा उलटा करणारा माणूस

घर बदलताना सोफा कोणाला तरी द्यायचा होता. तीन माणसांचा, निळा, एका हाताशी चहाचा पुसट डाग सोडला तर धडधाकट. केंब्रिजमध्ये असलं सामान रस्त्यावर ठेवलं तर दंड, कौन्सिलला उचलायला बोलावलं तर त्याचे पैसे. शेजारीण म्हणाली, एमाउसला फोन कर, बेघर माणसांची संस्था आहे, फुकट नेतात. म्हणजे अडगळ जाणार आणि वर पुण्यही लागणार.

व्हॅन आली. दोघे उतरले. त्यातल्या पन्नाशीच्या माणसाने ना रंग पाहिला ना डाग. गाद्या बाजूला काढल्या, पाठीच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला, मग सोफा एका अंगावर कलता करून पार उलटा केला, खालचं काळं कापड इंच इंच चाचपलं आणि म्हणाला, "नाही नेता येणार. लेबल नाहीये."

जुन्या साड्या उजेडापुढे धरून बोहारीण नेमकी विरलेली जागा शोधते, तसा त्याचा हात चालत होता. मी म्हटलं, अहो, फुकट देतेय. तो म्हणाला, "फुकट तर सगळेच देतात." सोफा पुन्हा सरळ केला, गाद्या जागच्या जागी बसवल्या, नमस्कारासारखी मान हलवली आणि गेला.

ज्याच्यावर उपकार करायला निघावं त्यानेच ते नाकारावेत, याची आपल्याला सवय नसते. थोडा राग आला. पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं, आणि म्हणून मी लँडबीचला गेले.

लेबलाचं प्रकरण आधी सांगून टाकते. १९७९ साली मँचेस्टरच्या वूलवर्थ्स दुकानाला आग लागली आणि दहा माणसं गेली. दुकानात फोम भरलेलं फर्निचर रचलेलं होतं. तो फोम पेटला की त्याचा विषारी धूर माणसाला दारापर्यंतही पोचू देत नाही. त्यानंतर नियम कडक होत गेले आणि १९८८ मध्ये फर्निचरच्या अग्निसुरक्षेचे आजचे नियम आले. सोफ्याला शिवलेलं लेबल हवंच, जुना सोफा विकणाऱ्यालाही या नियमांतून सुटका नाही. लेबलावर मोठ्या अक्षरात मजकूर असतो, निष्काळजीपणामुळे आग लागते. लोक ते कापून टाकतात, कारण ते बोचतं किंवा वाईट दिसतं. माझ्या सोफ्याचं कोणी कापलं, देव जाणे.

लँडबीच हे केंब्रिजच्या उत्तरेला, ईलीकडे जाणाऱ्या रस्त्याजवळचं गाव. तिथे एमाउसचं जुन्या सामानाचं भलंमोठं दुकान आहे, सोबत कॅफे, आणि हे सगळं चालवणारी माणसं तिथेच राहतात. प्रत्येकाला स्वतःची खोली, जेवण एकत्र. अटी थोडक्या: आवारात दारू नाही, ड्रग्ज नाहीत, बेकारभत्ता सोडायचा आणि अंगाला झेपेल तसं पूर्णवेळ काम करायचं. बदल्यात राहणं, खाणं आणि दर आठवड्याला हातखर्च. या माणसांना इथे कंपॅनियन म्हणतात. मी सोबती म्हणेन.

गल्ल्यावर एक निवृत्त बाई बसल्या होत्या, स्वयंसेविका. मी लिहिणारी आहे म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "आठवड्याला चाळीस तास काम करतात हं ही माणसं. चाळीस तास!" पुढच्या अर्ध्या तासात हा आकडा त्यांच्या तोंडून आणखी तीनदा आला. कौतुक खरं होतं, यात शंका नाही. पण त्या कौतुकात एक आश्चर्यही होतं, आणि ते मला खटकलं. चाळीस तास तर बँकेतला कारकूनही करतो.

सोफ्याचा माणूस मागच्या शेडमध्ये होता. त्याने मला ओळखलं. मला नव्हे, सोफ्याला. "निळा. डावीकडे डाग."

त्या शेडचा वास अजून माझ्या डोक्यातून जात नाही. डांबरगोळ्या, ओल धरलेली पुस्तकं, पडद्यात मुरलेली सिगरेट, लव्हेंडरच्या पुरचुंड्या, आणि कुठून तरी तळणाच्या जुन्या तेलाचा. पन्नास परकी घरं एका छपराखाली आणून झाकण लावल्यासारखा. मी नाक मुरडलं असणार, कारण तो हसला आणि शेजारच्या कपाटाचं दार उघडून म्हणाला, "हे घ्या. एकटी राहणारी बाई, कुत्रा होता, वर्षभर खिडकी उघडली नसेल." मग दुसरं. "हा नवरा-बायकोतला नवरा. आधी ती गेली." कशावरून, विचारलं. तर म्हणाला, अर्धी बाजू रिकामी आहे आणि तिला वास नाही. खरं-खोटं मला ठरवता आलं नाही. पण कपाटात डोकं घालून पाहिलं, तर एका बाजूला खरंच फक्त लाकडाचा वास होता.

या कामातला मोठा भाग म्हणजे घर रिकामं करणं. कोणी म्हातारं माणूस वारतं किंवा वृद्धाश्रमात जातं, मुलं लांबच्या शहरात असतात, ती व्हॅन बोलावतात. ज्याला घर नाही असा माणूस दिवसभर दुसऱ्यांची घरं उपसत असतो. हे वाक्य मी त्याच्यासमोर म्हणाले असते तर त्याने मला शेडबाहेर काढलं असतं. त्याला असल्या योगायोगांची भुरळ पडत नाही. त्याच्या तक्रारी वेगळ्या होत्या. गडद लाकडाची अवजड कपाटं आता कोणी घेत नाही. चोवीस बशांचे डिनर सेट ढिगाने येतात आणि एकेक बशी करून जातात. आणि फोटो. फोटो, पत्रं, युद्धातली पदकं तो वेगळ्या खोक्यात काढतो आणि ऑफिसातून घरच्यांना फोन करायला लावतो. "बरेच जण म्हणतात, टाकून द्या. बिछान्यासाठी भांडतात आणि आईचा फोटो टाका म्हणतात."

पुढची कामं सांगण्यासारखी फार नाहीत. विजेच्या वस्तू तपासायच्या, पास झाली तर स्टिकर. कपडे निवडायचे, न विकणारे वजनावर जातात. मग किंमत लावायची, आणि इथे पुन्हा थांबावं लागतं, कारण किंमत हाच माणूस लावतो. हातात पांढऱ्या चिठ्ठ्या, कानामागे पेन्सिल. एका आरामखुर्चीभोवती तो दोन चकरा मारून आला, दांडा हलवून पाहिला, बसला, उठला आणि लिहिलं पस्तीस. पाहत असलेला तरुण सोबती म्हणाला, पन्नास येतील. तो म्हणाला, "येतील. पण ज्याला ती लागणार आहे त्याच्याकडे पन्नास नसतील." खुर्ची पस्तीसलाच गेली, मी असेतोच.

या सगळ्याची सुरुवात फ्रान्समध्ये, १९४९ साली. आबे पिएर नावाचे एक पाद्री तेव्हा खासदार होते. पॅरिसजवळ नॉयी-प्लेझाँसला त्यांनी एक मोडकळीला आलेलं मोठं घर दुरुस्त करून राहतं केलं होतं. जॉर्ज लगे नावाचा, तुरुंगातून सुटलेला माणूस जीव देऊ पाहत होता. पाद्रीबाबांनी त्याला आधार वगैरे देऊ केला नाही. माझ्याकडे देण्यासारखं काही नाही, पण मला मदतीला माणूस हवाय, अशा अर्थाचं ते बोलले. तो पहिला सोबती. १९५१ मध्ये खासदारकी गेली, पगार थांबला, तेव्हा पाद्रीबाबा पॅरिसच्या रस्त्यावर भीक मागायला उभे राहिले. ते सोबत्यांना आवडलं नाही. त्यांच्यातल्या एकाला कचऱ्यातून विकाऊ माल वेचण्याचा धंदा माहीत होता, त्याने बाकीच्यांना शिकवलं. एमाउसचं पोट तेव्हापासून भंगारावर चालतं. १९५४ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये एक बाई रस्त्यावर गारठून मेली, हातात घर खाली करण्याचा कागद. त्यावर पाद्रीबाबांनी रेडिओवरून केलेल्या आवाहनाने सगळा देश हलला, आणि चळवळ जगभर पसरली. इंग्लंडात ती आणली केंब्रिजच्या सेल्विन इमेज या उद्योजकाने, १९९० च्या दशकाच्या तोंडावर. विद्यार्थी असताना तो पॅरिसच्या एमाउसमध्ये राबून आला होता.

मराठी माणसाला १९४९ म्हटल्यावर वरोरा आठवतं. त्याच साली बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती काढली, आणि आनंदवनाची कथा सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपयांपासून सांगितली जाते. दयेचं दान माणसाला पंगू करतं, काम उभं करतं, हा तिथलाही धडा. दोन्हीकडची माणसं एकमेकांना ओळखत नसताना एकाच वर्षी एकाच ठिकाणी पोचली. मात्र आनंदवनाची मूर्ती आपल्या मनात शाबूत आहे, आणि आबे पिएर यांची उरलेली नाही. २००७ मध्ये ते वारले तेव्हा फ्रान्सने त्यांना संतासारखा निरोप दिला. २०२४ च्या जुलैत एमाउसनेच बसवलेल्या चौकशीचा अहवाल आला, त्यात सात स्त्रियांनी त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले होते. पुढे आणखी स्त्रिया बोलल्या. त्यांच्या नावाने असलेल्या प्रतिष्ठानाने नाव बदललं. लँडबीचच्या शेडमध्ये मी हा विषय काढला तेव्हा सोफ्याचा माणूस एवढंच म्हणाला, "बरं झालं सांगितलं त्या बायकांनी." आणि कपाटाला पॉलिश करायला लागला.

माझी शंका पाद्रीबाबांपाशी नव्हती. ती त्या चाळीस तासांपाशी होती. छपराच्या बदल्यात काम, हा सौदा इंग्लंडात नवा नाही. १८३४ च्या गरिबांच्या कायद्यानंतर इथे गावोगावी वर्कहाऊस उभी राहिली. केंब्रिजचं मिल रोडवर होतं. भटक्याला एका रात्रीचा बिछाना हवा तर दुसऱ्या दिवशी खडी फोडायची, नाहीतर जुने डांबरी दोर उसवून त्यांचे धागे काढायचे. त्या धाग्यांचा कोणाला किती उपयोग होता हा प्रश्न गौण. माणूस पुन्हा दाराशी येऊ नये हा खरा हेतू. आपल्याकडेही १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहेच. भिकाऱ्याला पकडून गृहात ठेवायचं आणि कामाला लावायचं, यालाच त्यात सुधारणा म्हटलंय.

एमाउस त्यातलं नाही, असं मला वाटतं. पण हिशेब डोळ्यांआड करूनही चालत नाही. ब्रिटनच्या किमान वेतनाच्या नियमांत, बेघरांना निवारा देऊन त्याबदल्यात काम घेणाऱ्या योजना ठरावीक अटींवर वगळलेल्या आहेत. म्हणजे चाळीस तासांचा पगार नाही, हातखर्च आहे. फ्रान्समध्ये २०२३ साली उत्तरेकडच्या काही एमाउस वस्त्यांत कागदपत्रं नसलेल्या सोबत्यांनी संप केला, आमच्या अगतिकतेवर दुकान चालवता म्हणून. लँडबीचचं दुकानही सोबत्यांच्या श्रमावर उभं आहे आणि श्रमाची किंमत कौतुकात चुकती करता येत नाही.

तरीही मी झुकते ती एमाउसच्याच बाजूला, आणि त्याचं कारण ते लेबल. बेघर माणसाने वर्षानुवर्षं खिडक्यांसमोर उभं राहून 'तुमचं बसत नाही' हे ऐकलेलं असतं. हॉस्टेल, कौन्सिल, भत्त्याचं ऑफिस, प्रत्येक ठिकाणी दुसरं कोणी तरी त्याला उलटंपालटं करून तपासतं. इथे तपासणारा तो. काय घ्यायचं, काय नाकारायचं, कशाला पस्तीस लावायचे, हे त्याच्या हातात आहे. वर्कहाऊसमधल्या दोर उसवणाऱ्याला, हा दोर कुजलाय, मी घेत नाही, असं म्हणता येत नव्हतं. पगार मिळायला हवा का? माझ्या मते हवा. पण पगार असलेल्या कितीतरी नोकऱ्यांत हा अधिकार नसतो, हेही तितकंच खरं.

दुपारी चहाच्या सुट्टीत मी त्याला विचारलंच. चाळीस तासांचे पैसे मिळावेत असं वाटत नाही?

"त्या बाईंनी सांगितलं ना चाळीस?" तो म्हणाला. "मी मोजत नाही. रस्त्यावर होतो तेव्हा मोजायचो. आठवड्याचे एकशे अडुसष्ट होतात." मग जरा थांबून, "पैसे दिले तर घेईन की. नाही कशाला म्हणेन? पण पगार देणारे तुम्हाला एकदाच कामावरून काढतात."

म्हणजे इथून काढत नाहीत?

"काढतात ना. आवारात प्यालेला सापडलो की बॅग भरायची, त्याच दिवशी." त्याने कप विसळला आणि दोन बोटं दाखवली. "दोनदा काढलंय मला. ही तिसरी खेप. सव्वाचार वर्षं झाली." बाहेर व्हॅन सुरू झाली होती. मिल्टनला एक घर रिकामं करायचं होतं, चौथा मजला, लिफ्ट बंद, आणि वर पियानो आहे असं कळलं होतं. तो म्हणाला, पियानो तर मुळीच घेणार नाही.