आईची केमो आणि घरची पोरं

देगलूरच्या बाईला कर्करोग निघाला की उपचाराला जायचं कुठं, हा पहिला प्रश्न. लातूर, बार्शी, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर सीमेपलीकडचं हैदराबाद. केमो बऱ्याचदा दर एकवीस दिवसांनी असते, तेवढं मावशी किंवा आजी निभावून नेते. खरी ओढाताण रेडिएशनची: आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे सलग. तेव्हा तिथंच खोली करावी लागते आणि लेकरं मागं राहतात. अशा वेळी पोरांना शाळेतून काढून सोबत नेऊ नये, असं माझं मत.

राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना अशा घरांसाठीही आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. ती फक्त अनाथांची असा समज आहे. आई किंवा बापाला कर्करोगासारखा दुर्धर आजार असला तरी अठरा वर्षांखालच्या मुलासाठी अर्ज करता येतो. मंजूर झाल्यास दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज नांदेडच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यायचा, मंजुरी बालकल्याण समितीची. उपचाराचे कागद जपून ठेवा. अंगणवाडीताईला विचारलं तर वाट सापडते.

केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात आईच्या पांढऱ्या पेशी घटतात. तेव्हा ताप, कांजिण्या असलेलं मूल तिच्यापासून लांब ठेवावं. बाहेरून दिलेल्या रेडिएशननंतर मात्र लेकराला खुशाल मांडीवर घ्यावं. रेडिओआयोडिनचं तसं नाही, तिथं डॉक्टर सांगतील तितके दिवस अंतर पाळायचंच.