नांव स्वतःचें, आडनांव कोणाचें?

आमच्या व्यापारी वाचकांपैकीं ज्यांना मालाच्या खरेदीविक्रीसाठीं इस्तंबूलास जाण्याचा प्रसंग येतो, त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं त्या शहराच्या आशियाकडील बाजूचा विमानतळ पाहिला असेल. २००१ सालीं उघडलेल्या ह्या विमानतळास कोणा सुलतानाचें अथवा सेनापतीचें नांव दिलेलें नाहीं. सबीहा गोकचेन ह्या वैमानिक स्त्रीचें नांव दिलें आहे. प्रवासी तें तिकिटावर वाचतो आणि पुढें जातो. परंतु ह्या नांवाचे दोन भाग आहेत आणि त्या दोन भागांचे धनी निरनिराळे आहेत. ‘सबीहा’ हें त्या बाईचें स्वतःचें. ‘गोकचेन’ हें दुसऱ्यानें बहाल केलेलें. नांवाची ही फाळणी कायद्यानें झालेली असल्यामुळें कायद्याच्या धंद्यांत उमर घालविलेल्या आमच्यासारख्याच्या डोळ्यांत ती विशेष भरते.

सबीहा हा शब्द मूळचा अरबी. ज्या धातूपासून ‘सुबह’ हा आपल्या कानांस परिचित असलेला शब्द निघाला, त्याच धातूचा हा. प्रसन्न व तेजस्वी मुखाची, असा त्याचा अर्थ. हें नांव धारण करणाऱ्या कांहीं स्त्रिया तुर्कस्तानच्या इतिहासांत जवळजवळ एकाच काळीं वावरल्या. त्यांत एक सुलतानाची कन्या, एक पत्रकार, एक इंजिनियर, दोन लोकप्रतिनिधि आणि एक वैमानिक. नव्या तुर्की राज्यानें स्त्रीला काय दिलें आणि काय राखून ठेवलें, हें ह्या एकाच नांवाच्या आधारें जितकें स्पष्ट दिसतें तितकें मोठमोठ्या ग्रंथांतहि क्वचितच दिसेल.

प्रथम कायदा पाहूं. १९२६ सालीं तुर्कस्तानानें स्विस कायद्याच्या धर्तीवर नवा दिवाणी कायदा स्वीकारला. बहुपत्नीत्व बंद झालें, विवाहाची सरकारी नोंद आवश्यक ठरली, वारसाहक्कांत मुलगा व मुलगी सारखीं झालीं. एवढें वाचून आमच्याकडील सुधारकांनीं धन्योद्गार काढावे हें साहजिक आहे, आणि तें योग्यहि आहे. परंतु त्याच कायद्यांत नवरा हा कुटुंबाचा प्रमुख ठरला होता, बायकोनें नवऱ्याचें कुलनाम घ्यावें असें होतें, आणि घराबाहेर नोकरीधंदा करण्यास तिला नवऱ्याची अनुज्ञा लागे. पुढें २१ जून १९३४ रोजीं आडनांवाचा कायदा मंजूर झाला. तोंवर सर्वसाधारण तुर्क मनुष्यास आपल्या अर्थानें आडनांव नसे. बापाचें नांव, गांव, हुद्दा किंवा एखादी उपाधि जोडून ओळख पटविली जाई. आतां प्रत्येक नागरिकास आडनांव घेणें भाग झालें. तें निवडावयाचें कोणीं? कायद्यानें निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें कीं, हा हक्क व हें कर्तव्य कुटुंबप्रमुख ह्या नात्यानें नवऱ्याचें आहे. म्हणजे सबंध राष्ट्र नव्यानें स्वतःस नांव देत असतां त्या राष्ट्रांतील विवाहित स्त्रीला लेखणी हातीं घेण्याची मुभा नव्हती.

सबीहा सेरतेल ह्या बाईंचें चरित्र ह्या दृष्टीनें वाचनीय आहे. त्यांचा जन्म १८९५ सालचा, सलोनिका शहरांतला. माहेरीं त्या सबीहा नाझमी. झेकेरिया नांवाच्या पत्रकाराशीं १९१५ सालीं विवाह झाल्यावर लेखांखालीं सही सबीहा झेकेरिया अशी पडूं लागली. आणि १९३४ च्या कायद्यानंतर त्या सबीहा सेरतेल झाल्या. तीन नांवें, तिन्हींचा उत्तरार्ध दुसऱ्यामुळें आलेला; कायम राहिली ती एक सबीहा. ह्या बाईंनीं न्यूयॉर्क येथें समाजकार्याचें शिक्षण घेतलें, १९२३ सालीं परत येऊन पतीसह ‘रेसिमली आय’ हें मासिक चालविलें, लेखनाबद्दल सरकारचा रोष ओढवून घेतला, आणि नंतर ‘तान’ ह्या दैनिकांत सदर लिहिलें. ‘तान’ म्हणजे पहांट. सबीहा आणि पहांट एकाच कचेरींत नांदाव्या हा योगायोग मोठा मनोहर होता.

तो फार दिवस टिकला नाहीं. १९४५ च्या डिसेंबरांत दुसऱ्या एका दैनिकानें देशभक्तांनीं उठावें अशा आशयाचा चिथावणीचा लेख छापला, आणि दुसऱ्याच दिवशीं, ४ डिसेंबर रोजीं, बहुतांशीं विद्यार्थ्यांचा असा जमाव ‘तान’च्या छापखान्यावर चालून गेला. यंत्रें मोडलीं, कागद रस्त्यावर आला. त्यानंतर कैद कोणास झाली? मोडणाऱ्यांस नव्हे. सेरतेल पतिपत्नींस अटक होऊन खटला उभा राहिला. अपिलांत तीं सुटलीं खरीं, पण छापखाना परत आला नाहीं. १९५० सालीं त्यांनीं देश सोडला. १९६८ सालीं बाकू येथें परभूमींत सबीहाबाईंचा अंत झाला, आणि त्यांचें आत्मचरित्र मरणानंतर प्रसिद्ध झालें. त्यांचीं सर्व मतें आम्हांस ग्राह्य आहेत असें नाहीं. साम्यवादाकडील त्यांचा ओढा आम्हांस मान्य नाहीं. परंतु मत न पटणें ही एक गोष्ट, आणि मताचा छापखाना फोडणें ही दुसरी. राष्ट्रवादाच्या नांवानें दुसरी गोष्ट करणारे लोक राष्ट्रवादाला बट्टा लावतात, आणि राष्ट्रवादी म्हणविणाऱ्या पत्रकारानें हें सर्वांत आधीं म्हटलें पाहिजे.

आतां विमानतळावरील सबीहा. बुर्सा येथें १९१३ सालीं जन्मलेल्या ह्या पोरक्या मुलीस १९२५ सालीं मुस्तफा केमाल यांनीं आपली मानसकन्या केलें. आडनांवाचा कायदा झाल्यावर त्यांनींच तिला गोकचेन हें नांव दिलें. ‘गोक’ म्हणजे आकाश. गंमत अशी कीं, त्या वेळीं मुलीनें आकाशांत पाऊलहि टाकलेलें नव्हतें. विमानविद्येच्या संस्थेशीं तिचा संबंध १९३५ च्या मे महिन्यांत आला. पुढें रशियांत इंजिनाशिवाय उडणाऱ्या विमानाचें शिक्षण झालें, आणि १९३६ सालीं एस्किशेहिर येथें लष्करी विमानचालनाचें. लढाऊ विमान चालविणारी जगांतील पहिली स्त्री म्हणून तिची कीर्ति झाली, व १९३८ सालीं एकटीनें विमान चालवून ती बाल्कन देशांच्या राजधान्या हिंडून आली. तिच्या धैर्याविषयीं दुमत नाहीं. पण वकिलानें येथें एक बारीक प्रश्न विचारावा. लष्करी शाळेचा दरवाजा स्त्रियांस उघडला होता काय? नव्हता. राष्ट्राध्यक्षांच्या कन्येसाठीं खास व्यवस्था झाली; तिच्या मागोमाग येणाऱ्या मुलींना त्या दाराशीं पुष्कळ वर्षें थांबावें लागलें. हक्क आणि कृपा ह्यांत हाच भेद आहे. कृपेचा लाभ एकीला होतो व तिचें छायाचित्र सर्वत्र झळकतें. हक्काला छायाचित्र लागत नाहीं.

आणि ह्या कृपेची किंमतहि मोजावी लागली. १९३७ सालीं पूर्वेकडील देरसिम प्रांतांतील अलेवी कुर्द लोकांविरुद्ध जी लष्करी मोहीम झाली, तींत ह्या तरुणीनें विमानांतून बाँब टाकले, आणि त्याबद्दल तिला पदक मिळालें. त्या मोहिमेंत सहस्रावधि माणसें मेलीं. २०११ सालीं त्या वेळचे पंतप्रधान एर्दोआन यांनीं राज्याच्या वतीनें त्या प्रकाराबद्दल क्षमा मागितली. पदकाबद्दल कोणी कांहीं बोललें नाहीं.

तिच्या मूळ नांवाविषयींहि वाद उठला. २००४ च्या फेब्रुवारींत, ती वारल्याला तीन वर्षें होत आलीं असतां, हरांत दिंक या आर्मेनियन संपादकाच्या ‘आगोस’ पत्रानें असें छापलें कीं, सबीहा ही मूळची आर्मेनियन अनाथ मुलगी असून तिचें पहिलें नांव हातून होतें. दावा खरा कीं खोटा हें कागदपत्रांनीं ठरवावयाचें. पण सैन्याच्या मुख्य कार्यालयानें ह्या बातमीचा निषेध करणारें पत्रक काढलें! एका मुलीचें बारशाचें नांव काय होतें, ह्या प्रश्नास सेनापतींनीं उत्तर द्यावें ही गोष्टच बोलकी आहे. दिंक यांच्यावर दुसऱ्या एका लेखाबद्दल तुर्कत्वाची निंदा केल्याचा खटला होऊन शिक्षा झाली, आणि १९ जानेवारी २००७ रोजीं त्यांच्या कचेरीच्या दारासमोर त्यांचा खून झाला. छळाचा आरंभ त्या सबीहेच्या बातमीपासून झाला, असें त्यांचें स्वतःचें म्हणणें होतें.

इतर सबीहांची हकीकत थोडक्यांत देतों. सबीहा रिफात १९३३ सालीं इस्तंबूलच्या इंजिनियरिंग विद्यालयांतून बाहेर पडल्या; त्या वर्षीं पदवी मिळविणाऱ्या दोघी मुली त्या देशांतील पहिल्या स्त्री-इंजिनियर. फेनेरबाहचे क्लबाच्या पुरुषांच्या व्हॉलीबॉल संघांत त्या खेळत, अंकाऱ्याजवळ त्यांनीं बांधलेल्या पुलास लोक ‘मुलीचा पूल’ म्हणूं लागले, आणि केमाल यांच्या समाधिमंदिराच्या बांधकामावरहि त्यांची देखरेख होती. विवाहानंतर त्या गुरायमान झाल्या. १९३५ च्या निवडणुकींत प्रथमच ज्या स्त्रिया राष्ट्रसभेंत गेल्या त्यांत सबीहा गोकच्युल व सबीहा गोरकेय ह्या दोघी शिक्षिका होत्या. मात्र त्याच वर्षीं मताधिकारासाठीं अकरा वर्षें झगडलेल्या तुर्की स्त्रीसंघानें, आतां हक्क मिळाले, काम उरलें नाहीं, असें म्हणून स्वतःचें विसर्जन केलें. ही सुबुद्धि संघास आपण होऊन सुचली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आणि सबीहा सुलतान. शेवटचे सुलतान सहावे महंमद यांची ही कन्या, आणि शेवटचे खलीफा अब्दुल मजीद यांची सून. ज्या खिलाफतीसाठीं १९१९ पासून मुंबईंत समित्या स्थापन झाल्या आणि आमच्या राष्ट्रीय चळवळीनेंहि हात पुढें केला, ती ३ मार्च १९२४ रोजीं तुर्की राष्ट्रसभेनेंच रद्द केली. राजघराण्यांतील सर्वांना, स्त्रियांसुद्धां, दहा दिवसांच्या आंत देश सोडावा लागला. सबीहा सुलतान फ्रान्सांत नीस येथें राहिल्या. १९३१ सालीं तेथेंच त्यांच्या नणंदेचा, दुर्रुशेहवार हिचा, विवाह हैदराबादच्या निजामाच्या ज्येष्ठ पुत्राशीं झाला. म्हणजे ज्या संस्थानांत आमचा मराठवाडा होता त्याच्या युवराज्ञीची ही भावजय. स्त्रियांना परत येण्याची परवानगी १९५२ सालीं मिळाली, पुरुषांना १९७४ सालीं. कायद्यानें स्त्रीला आधीं परत घेतलें तें तिच्याविषयींच्या आदरानें कीं तिच्यापासून गादीस भय नाहीं म्हणून, हें वाचकांनींच ताडावें. १९७१ सालीं त्या इस्तंबूलांतच वारल्या.

आडनांवाचा प्रश्न मात्र तुर्की स्त्रियांनीं सोडला नाहीं. नोकरीस नवऱ्याची अनुज्ञा लागे तें कलम १९९० सालीं तेथील घटना-न्यायालयानें रद्द केलें. १९९७ पासून पतीच्या आडनांवामागें स्वतःचें जोडण्याची सोय झाली. पण एका स्त्री वकिलास तेवढ्यानें समाधान नव्हतें. तिनें युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत दाद मागितली व २००४ सालीं जिंकली. अखेर २०२३ सालीं घटना-न्यायालयानें पतीचें आडनांव सक्तीचें करणारें कलमच घटनाविरुद्ध ठरविलें. १९२६ पासून मोजलें तर सत्याण्णव वर्षें.

हें वाचून आमच्या वाचकांनीं तुर्कांस हंसूं नये. त्यांच्या कायद्यानें आडनांव हिरावलें, पण ‘सबीहा’ला हात लावला नाहीं. आमच्याकडे कोणताहि कायदा सांगत नसतां आम्ही ताटांत तांदूळ पसरून त्यांवर अंगठीनें वधूचें पहिलें नांवच नवें लिहितों. अमेरिकेंत १८८६ सालीं डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेहि माहेरच्या यमुनाच. एकाच काळांतील दोन यमुना अशा लुप्त झाल्या, आणि त्यांचे पति तर सुधारक होते!

ही रूढि केवळ भावनेची बाब आहे असें ज्यांना वाटतें त्यांनीं एकदां वकिलाच्या कचेरींत येऊन बसावें. मध्यंतरीं एक विधवा बाई आमच्याकडे आल्या. शाळेच्या दाखल्यावर त्यांचें माहेरचें नांव, बँकेच्या पुस्तकावर सासरीं ठेवलेलें, आणि शेताच्या सात-बारावर घरांत हांक मारण्याचें तिसरेंच. तिन्ही नांवांची बाई मी एकच, असें शपथेवर लिहून द्यावयाचें होतें. मजकूर तयार झाला, वाचून दाखविला. सही कोणत्या नांवानें करूं, असें त्यांनीं विचारलें. तिन्ही नांवें लिहून त्याखालीं करा, असें आम्ही सांगितलें. कागदावर जागा अपुरी पडली म्हणून मागच्या बाजूस करावी लागली.