मोत्याआधी काळोख

डेल्फ्टच्या योहानेस व्हर्मीरने 1665च्या सुमारास रंगवलेलं ‘गर्ल विथ अ पर्ल इअररिंग’ हे चित्र जेमतेम 44.5 बाय 39 सेंटीमीटरचं आहे. हेगच्या माउरिट्सहाउस संग्रहालयात त्याच्यापुढे उभं राहिलं की नजर आधी डोळ्यांवर जाते, मग मोत्यावर. हेच चित्र क्रॉस स्टिचमध्ये भरायला घेणाऱ्याच्या वाट्याला मात्र आधी येतो काळोख.

आपल्याकडे मॅटीवर मोर किंवा गुलाब भरतात तेव्हा नक्षी तेवढी भरायची आणि बाकी कापड मोकळं सोडायचं, अशी रीत. ‘फुल कव्हरेज’मध्ये एकही चौकोन उघडा राहत नाही. इंचाला 25 फुल्या बसणारं, म्हणजे 25 काउंटचं कापड घेतलं, तर मूळ मापाचं हे चित्र 438 बाय 384 चौकोनांचं होतं, म्हणजे 1 लाख 68 हजारांहून अधिक फुल्या! रोज नेमाने 300 घातल्या तरी दीड वर्ष सहज जातं. 14 काउंटच्या कापडावर तेच काम साधारण 52 हजारांत उरकतं, पण तिथे एक फुली जवळजवळ 2 मिलिमीटरची होते आणि ओठांच्या कोपऱ्यातल्या ओल्या ठिपक्यासारख्या जागा ढोबळ होतात. या चित्राला बारीक कापडच हवं.

चार्ट संगणकावर बनतो. चित्रातल्या प्रत्येक चौकोनाला डीएमसीच्या सुमारे 500 छटांतली जवळची छटा मिळते. ही फ्रेंच कंपनी 1746पासूनची. गालावरच्या मऊ छायेत मात्र शेजारशेजारचे चौकोन वेगवेगळ्या रंगांचे निघतात. या विखुरलेल्या एकेकट्या टाक्यांना ‘कॉन्फेटी’ म्हणतात. दर टाक्याला धागा तोडला तर मागची बाजू गाठींनी भरून जाईल. म्हणून ‘पार्किंग’ करतात: सहा पदरी लडीतला एक पदर सुटा करून सुईत ओवायचा, दहा बाय दहाच्या चौकटीतले त्या रंगाचे टाके घालायचे, मग तोच धागा पुढच्या चौकटीत जिथे लागणार तिथे वर काढून लोंबता ठेवायचा. काम रंगात आलं की कापडावर डझनभर धागे लोंबत असतात.

आणि तो काळोख? तो एकाच काळ्याचा नसतो. डीएमसीच्या नंबरांत 310 हा निव्वळ काळा, 3371 तपकिरीकडे झुकणारा, 939 गर्द निळा. दिव्याच्या उजेडात तिन्ही सारखेच दिसतात. संग्रहालयाने 2018मध्ये चित्राची कसून तपासणी केली, तिचे निष्कर्ष 2020मध्ये जाहीर झाले. या काळोखाच्या जागी, मुलीच्या मागे, मुळात हिरवा पडदा होता. पडद्याच्या हिरव्या रंगात नीळ होती आणि वेल्ड या वनस्पतीचा पिवळा होता. काळाच्या ओघात तो रंग विटून गेला. चार्ट आजच्या चित्रावरून बनतो, त्यामुळे तो पडदा धाग्यात उतरत नाही.

मोती पटकन होतो. त्याला कडीच नाही. वर प्रकाशाचा पांढरा फटकारा, खाली पांढऱ्या कॉलरचं फिकट प्रतिबिंब. उरलेला भाग बहुतेक मानेवरच्या सावलीच्याच छटांचा. भरताना हे आपोआप कळतं, कारण त्याच लड्या पुन्हा हातात येतात.

खरी कसोटी पार्श्वभूमीतच लागते. प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेने पडायला हवा. तो उलटा पडला तर धाग्यावरचा उजेड वेगळा परततो आणि त्या गडद भागात नेमका तेवढाच पट्टा चमकतो. मग उसवून पुन्हा भरण्यावाचून गत्यंतर नसतं.