पानांतील कर्करोगविरोधी द्रव्यांची परीक्षा

पुण्याच्या नैर्ऋत्येस महामार्गालगत असलेले वारजे हे एके काळचे खेडे आता शहरात सामावून गेले आहे. तेथील सुमारे १६.८ हेक्टरांच्या उजाड टेकडीवर वृक्षारोपण होऊन वन उभे राहिले. दि. ५ जून २०२० रोजी केंद्र शासनाने ‘नगर वन’ योजना जाहीर केली, तेव्हा हेच वन नमुना म्हणून देशापुढे ठेवण्यात आले. अशा ठिकाणी शाळेची सहल नेली म्हणजे मुले पाने गोळा करतात आणि “गुरुजी, ह्या पाल्याचा उपयोग काय?” असे विचारतात. हाच प्रश्न पुष्कळदा गावातील मोठी माणसेही विचारतात. मात्र त्यामागे घरातील आजारपणाची चिंता असते. अमुक झाडाच्या पानांत कर्करोगाचा नाश करणारे द्रव्य आढळले, असे वर्तमानपत्रात छापून येते आणि त्या पानांचा रस रोग्यास द्यावा की काय, हे विचारावयास लोक शिक्षकाकडे येतात. म्हणून अशा बातमीचा खरा अर्थ काय, हे शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पानांतून कर्करोगाचे औषध मिळू शकते, ही गोष्ट खरी आहे. तिचे उत्तम उदाहरण शाळेच्या बागेतच सापडते. ते म्हणजे सदाफुली. जमेका बेटावर हिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. कॅनडातील वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी ह्या समजुतीची परीक्षा केली. काढ्याने उंदरांच्या रक्तातील साखर कमी झाली नाही. परंतु अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. कारण त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी फार घटल्या होत्या. जे द्रव्य पांढऱ्या पेशी घटविते, ते त्या पेशी बेसुमार वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात उपयोगी पडेल, असा तर्क निघाला. १९५८ साली ‘व्हिनब्लास्टिन’ हे द्रव्य वेगळे काढल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे त्याच पानांतून ‘व्हिनक्रिस्टिन’ मिळाले आणि १९६० नंतरच्या थोड्याच वर्षांत दोन्ही औषधे रुग्णालयांत वापरली जाऊ लागली. एका पेशीच्या दोन पेशी होताना आत जे सूक्ष्म तंतू तयार व्हावे लागतात, ते ही द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. त्यामुळे पेशीचे विभाजन थांबते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत व्हिनक्रिस्टिन आजही प्रमुख औषधांपैकी एक आहे.

आता अशा द्रव्याची परीक्षा कशी करतात ते पाहू. प्रथम झाडाची शास्त्रीय ओळख निश्चित करितात. पाने सावलीत वाळवून त्यांची पूड करितात, ती मद्यार्कासारख्या द्रवात भिजवून गाळतात व द्रव उडवून टाकतात. मागे राहतो तो अर्क. त्यात अनेक द्रव्ये मिसळलेली असतात. परीक्षेसाठी कर्करोगाच्या जिवंत पेशी लागतात. अशा पेशी काचपात्रात अखंड वाढविता येतात, हे १९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले. पुण्यात जन्मलेल्या व फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्याच प्रयोगशाळेत ही विद्या आत्मसात केली आणि परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. आज पुण्यातच गणेशखिंड येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात अशा पेशींचा साठा जतन केलेला असून तेथून संशोधकांना त्या पुरविल्या जातात.

ह्या पेशी ९६ बारीक खळगे असलेल्या तबकडीत काही हजारांच्या संख्येने प्रत्येक खळग्यात ठेवितात. काही खळग्यांत अर्क मुळीच घालीत नाहीत. काहींत थोडा, काहींत अधिक, असा चढत्या प्रमाणात घालतात. तुलनेसाठी काही खळग्यांत माहितीतले औषध घालतात. दोन-तीन दिवसांनी त्यांत एमटीटी नावाचे पिवळे रंगद्रव्य घातले असता जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करितात. रंग जितका गडद, तितक्या पेशी अधिक जिवंत. अर्काच्या किती प्रमाणाला निम्म्या पेशी उरतात, हे यंत्राने रंग मोजून काढतात. वर्तमानपत्रातील पुष्कळशा बातम्या ह्याच पायरीवरील असतात.

परंतु ही केवळ पहिली पायरी होय. काचपात्रातील पेशी मारणे मुळीच कठीण नाही. खारट पाण्यानेही त्या मरतात. कठीण आहे ते निराळेच. द्रव्य कर्करोगाच्या पेशींना मारक ठरावे आणि शरीरातील निरोगी पेशींना शक्य तितके कमी बाधावे, पोटातून अथवा शिरेतून दिल्यावर ते रोगाच्या जागी पुरेशा प्रमाणात पोहोचावे, आणि यकृत, मूत्रपिंड, मज्जातंतू यांची हानी सोसण्याजोगी असावी. म्हणून निरोगी पेशींवर, नंतर प्राण्यांवर आणि शेवटी माणसांवर टप्प्याटप्प्याने परीक्षा होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ ह्या काळात वनस्पतींचे सुमारे १,१४,००० अर्क तपासले. त्यांतून रुग्णाच्या उपयोगी पडलेली औषधे बोटांवर मोजण्याइतकीच निघाली.

त्यांपैकी एकाचा संबंध आपल्या सह्याद्रीशी आहे. कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य १९६६ साली एका चिनी वृक्षातून वेगळे करण्यात आले व पुढे सह्याद्रीच्या जंगलात वाढणाऱ्या नरक्या ह्या झाडातही आढळले. परंतु १९७० नंतर रुग्णांवर त्याची परीक्षा झाली, तेव्हा ते फार विषारी ठरले व काम थांबवावे लागले. त्याच्या रचनेत फेरफार करून बनविलेल्या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळावयास १९९६ साल उजाडले. शोधापासून औषधापर्यंत तीस वर्षे लागली! दरम्यान ह्या द्रव्याच्या मागणीमुळे नरक्याची झाडे चोरून तोडली जाऊ लागली, हेही मुलांना सांगण्याजोगे आहे.

मग सदाफुलीची पाने घरी वाटून दिली तर काय होईल? एक ग्रॅम व्हिनब्लास्टिन मिळविण्यासाठी सुमारे ५०० किलोग्रॅम वाळलेली पाने लागतात. व्हिनक्रिस्टिन शिरेतूनच देतात आणि मोठ्या माणसासही एका वेळी ते साधारणतः २ मिलिग्रॅमहून अधिक देत नाहीत, इतके ते तीव्र आहे. पानांच्या रसात औषध किती आहे हे कळण्यास मार्ग नसतो, आणि त्याबरोबर इतर विषारी द्रव्येही पोटात जातात. म्हणजे रोग हटण्याइतके औषध मिळत नाही, अपाय मात्र होऊ शकतो.

हे तत्त्व वर्गात दाखविण्यासाठी एक सोपा प्रयोग करता येईल. कडुनिंबाचा मूठभर पाला ठेचून पेलाभर पाण्यात रात्रभर ठेवावा व फडक्याने गाळावा. पाच वाट्यांत ओल्या कापडावर प्रत्येकी वीस मूग ठेवावेत. पहिल्या वाटीत साधे पाणी, दुसरीत अर्काचा एक भाग व पाण्याचे तीन भाग, तिसरीत निम्मा अर्क व निम्मे पाणी, चौथीत नुसता अर्क आणि पाचवीत मिठाचे दाट पाणी घालावे. तिसऱ्या दिवशी किती मूग उगवले ते मोजून फळ्यावर लिहावे. मोजणीनंतर मूग टाकून द्यावेत व हात धुवावेत. सदाफुली, कण्हेर, रुई यांची पाने ह्या प्रयोगास कदापि घेऊ नयेत. शेवटी मुलांना विचारावे, “मिठाच्या पाण्यात मूग उगवले नाहीत, मग मीठ हे औषध झाले काय?” साध्या पाण्याची वाटी कशासाठी ठेवली आणि एकाऐवजी वीस मूग का घेतले, ह्यांची उत्तरेही मुलांकडूनच काढून घ्यावीत.

शिक्षकाचे काम येथे संपत नाही. मुलास दीर्घकाळ ताप येत असेल, ते फिकट दिसू लागले असेल, मार न लागता अंगावर काळे-निळे डाग पडत असतील, हाडे दुखत असतील किंवा मानेस वा काखेत गाठी आल्या असतील, तर पालकांना बोलावून मुलास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्यास सांगावे. ही लक्षणे इतर आजारांतही दिसतात. त्यामुळे पालकांना घाबरवू नये, पण तपासणी टाळूही देऊ नये. १९५० च्या सुमारास रक्ताचा कर्करोग झालेले मूल क्वचितच वाचत असे. आज वेळेवर व पूर्ण उपचार मिळाल्यास ह्या रोगाच्या मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारातील बहुसंख्य मुले बरी होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे, हेही पालकांच्या कानावर घालावे.

पाल्याच्या रसावर काढलेले दोन महिने अशा मुलाच्या जिवावर बेतू शकतात. झाडपाल्याविषयीच्या गावच्या श्रद्धेची टर न उडविता, सदाफुलीच्या पानांतूनच औषध निघाले आणि ते निघण्यास किती परीक्षा द्यावी लागली, एवढे शिक्षकाने समजावून सांगितले, तर रुग्णास वेळेवर रुग्णालयात नेण्यास ते घर राजी होईल.