वाढत्या अंगावरचा न वाढणारा व्रण

रांगते मूल ओट्यापाशी यावे, त्याने आईचा पदर ओढावा आणि उकळत्या चहाचे पातेले कलंडावे, एवढ्या निमिषमात्र प्रसंगाची भरपाई त्या कोवळ्या देहाला वयात येईपर्यंत करावी लागते, हे जळीत-कक्षाबाहेर रात्री काढलेल्या आईबापांनाच पुरते ठाऊक असते. मुलाची त्वचा पातळ. जे पाणी बापाच्या हातावर नुसता फोड उठवील, ते मुलाच्या हातावर त्वचेचे सारे थर भेदून जाऊ शकते, आणि असे झाले की मोठी जखम नव्या त्वचेने भरून येत नाही, ती कडांकडून आकसत मिटू लागते.

पूर्वी मृत त्वचेची खपली आपोआप गळण्याची आठवडेच्या आठवडे वाट पाहत. युगोस्लाव्हियातील मारिबोर येथील डॉ. झोरा यान्झेकोविच यांनी ती पहिल्या काही दिवसांतच थराथराने छाटून लगेच त्वचारोपण करण्याची पद्धत १९७० साली मांडली, आणि असंख्य लेकरांच्या यातनांची मुदत कमी झाली. रोपणाची त्वचा बहुधा मुलाच्याच मांडीची असते. डर्माटोम नावाच्या यंत्राने सोललेला तो पापुद्रा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा, ओल्या कांद्याच्या पारदर्शक पडद्यासारखा. मांडीवर खालचा थर शाबूत राहत असल्याने ती दोनेक आठवड्यांत भरते. जखम विस्तीर्ण असल्यास पापुद्र्याला बारीक छेद देऊन तो जाळीसारखा ताणतात, परंतु चेहऱ्यावर व हातांवर शक्यतो अखंडच लावतात. पहिले दोन दिवस तो जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावरच जगतो, मग खालच्या केशवाहिन्या त्याला येऊन मिळतात. पाचव्या दिवसाच्या सुमारास ड्रेसिंग उघडताच गुलाबी छटा दिसली, म्हणजे तो रुजला.

अनेक कुटुंबे येथेच इस्पितळाचा निरोप घेतात, आणि माझ्या मते सर्वांत मोठी हानी येथेच होते. कारण हाडे वाढतात, व्रण मात्र त्या मानाने वाढत नाही. बोटे तळव्याकडे आखडतात, हनुवटी छातीकडे ओढली जाते. मग तो ताण सोडविण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया, कधी व्रणावर इंग्रजी झेड अक्षरासारखे छेद देऊन त्रिकोणी तुकड्यांची अदलाबदल, कधी नव्याने रोपण; आणि दरम्यान दिवसाचे तेवीस तास घालावयाचा घट्ट दाबमोजा. रात्री स्प्लिंट बांधताना मूल रडते, ती सैल करावी असे बापाच्या फार मनात येते, आणि तरीही तो एकेक बोट सरळ करून पट्टा ओढून बसवितो.