वाळलेल्या सापत्यांना तेल पाजा

सभासद बंधूंनो,

गाळप हंगाम तोंडावर आला की आपण बैलगाडीचा आख पाहतो, टायर पाहतो. पण वर्षभर खुंटीला लटकलेल्या चामडी सापत्या तशाच काढून जुवाला बांधतो. उसाची भरली गाडी चढाला लागली की उलाळ होते. त्या वेळी जू मानेवर धरून ठेवते ती सापती. तीच तुटली तर जू वर उडते, गाडी मागे कलंडते, बैल आणि माणूस दोघांच्याही जिवावर बेतते.

बाभळीची साल व हिरडा लावून कमावलेल्या चामड्याच्या तंतूंत स्निग्धांश असतो, म्हणून ते वळते. ऊन व घामाचा खार यांनी तो जातो; मग तंतू एकमेकांवर घासून तुटतात.

आधी सापती हलकेच वाकवून पाहा. भेग आरपार असेल किंवा हाताला लाल भुकटी लागत असेल, तर ते चामडे संपले. तेलाने त्यात जीव येत नाही. नवी सापती करून घ्यावी. नुसतीच कडक झाली असेल तर असे करावे :

1) ओल्या फडक्याने माती, घाम पुसावा. धुण्याचा सोडा, रॉकेल लावू नये.

2) सावलीत सुकवावे. चुलीजवळ नको, चामडे आखडते.

3) किंचित ओल असतानाच कोमट एरंडेलाचा पातळ हात द्यावा. रात्रभर मुरू द्यावे, सकाळी हाताने मळावे. असे तीन-चार दिवस करावे. एकदम वाटीभर ओतू नये. चामडे लोंबते, शिवण कुजते. जवसाचे तेल वापरू नये, ते सुकून कडक होते.

विजेचे पंप येण्यापूर्वी आपले वाडवडील चामडी मोटेला असेच तेल पाजीत.

नोकरीसाठी पनवेलजवळ नावडे, तळोजे भागात राहणाऱ्या मुलांनाही हे कळवा. तिथल्या खाडीच्या दमट हवेत पावसाळ्यात कोल्हापुरी चपलेवर बुरशी धरते. ती कोरड्या फडक्याने पुसावी, चप्पल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये. पाऊस सरल्यावर ती कडक झाली, तर एरंडेलाचा एक पातळ हात पुरतो.

गाडी जुंपण्याआधी आठ दिवस हे काम उरकावे, ही आमची विनंती.

— ऊस विकास अधिकारी