बर्फ लांबला, तर मालाचे काय करावे?

लोकरी कापड, शाली आणि फेरनच्या मालाचा धंदा करणाऱ्या बांधवांना काश्मीरच्या आभाळाकडे पाहून हिशेब मांडावा लागतो. २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा चिल्ला-ए-कलां, मग २० दिवसांचा चिल्ला-ए-खुर्द आणि शेवटी १० दिवसांचा चिल्ला-ए-बच्चा, असा तिथल्या थंडीचा हिशेब असतो.

तिथे हिवाळ्यात बर्फ आणतात ते भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंजावात. ते कमजोर पडले तर डोंगर कोरडे राहतात. पण कोरडे म्हणजे उबदार नव्हे. आपली गफलत होते ती इथेच. आभाळ निरभ्र असले की दिवसा ऊन पडते. मात्र जमिनीची ऊब रात्री उडून जाते आणि पारा शून्याखाली उतरतो.

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. ते ऐकून आम्ही घाबरलो. श्रीनगरसाठी बांधून ठेवलेल्या फेरनच्या कापडाच्या गाठी इथेच पडत्या भावाने काढल्या. महिनाअखेरीस बर्फ सुरू झाला, मागणीचे फोन आले आणि आमच्याकडे माल नव्हता. नुकसान मौसमाने नव्हे, आमच्या घाईने केले.

तेव्हापासून आम्ही हवामान खात्याचा अंदाज तीन भागांत वाचतो. पाच-सात दिवसांच्या अंदाजावर माल रवाना करावा. दोन ते चार आठवड्यांच्या अंदाजावरून फक्त कल पाहावा. पूर्ण मोसमाचा अंदाज सरासरीपेक्षा कमी की जास्त एवढेच सांगतो, बर्फाची तारीख सांगत नाही. त्यावर सगळी रक्कम लावू नये.

दुसरी गोष्ट उधारीची. बर्फ म्हणजे डोंगरात साठवलेले पाणी. तो कमी पडला तर झरे, शेती आणि सफरचंदाच्या बागा यांना झळ बसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अनंतनागजवळचा अचबलचा झरा आटला होता. त्याच महिन्यात गुलमर्गला होणारे खेलो इंडियाचे हिवाळी सामने बर्फाअभावी मार्चवर ढकलावे लागले. बागवानाच्या हातात पैसा नसेल, तर पुढच्या हिवाळ्यात कापड दुकानदाराची वसुलीही अडते.

म्हणून आमचा सल्ला असा : कोरड्या हिवाळ्यात माल दोन-तीन हप्त्यांत पाठवा, निदान चौथा हिस्सा चिल्ला-ए-खुर्दसाठी राखा, आणि पुढच्या मोसमाची उधारी देताना यंदाचा बर्फ आठवा. भाव पाडण्याआधी तिथल्या दुकानदाराला एक फोन करा. रात्री कांगडी पेटते आहे का, एवढे विचारले तरी पुरे.